फॉर्म, दृष्ट आणि सरासरी

विनोद कांबळी पहिली कसोटी खेळला १९९३ च्या जानेवारीत, कोलकात्याला. ऑगस्टपर्यंत त्याच्या सात कसोटी झाल्या होत्या. वानखेडेवरचं २२४, दिल्लीचं २२७ आणि श्रीलंकेतली दोन शतकं धरून ७९३ धावा, सरासरी ११३ च्या वर. पुढच्या दहा कसोटींत मिळून धावा झाल्या २९१, आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये, वयाची चोविशी पुरी व्हायच्या आत, त्याची कसोटी कारकीर्द संपली. या घसरणीची जेवढी चर्चा मुंबईच्या मैदानांवर आणि कट्ट्यांवर झाली तेवढी फार थोड्यांच्या वाट्याला आली असेल. कोणी म्हणे वेस्ट इंडीजच्या वेगवान गोलंदाजांनी आखूड टप्प्याचे चेंडू टाकून त्याचं वर्म शोधलं, कोणी म्हणे यश डोक्यात गेलं, कोणी निवड समितीला दोष देई, कोणी थेट दृष्ट लागली म्हणे.

यातलं आखूड चेंडूंचं कारण मला बऱ्यापैकी पटतं. पण एक साधी गोष्ट या चर्चेत क्वचितच ऐकू येते, ती म्हणजे ११३ ची सरासरी टिकणारच नव्हती. ब्रॅडमनलाही ९९.९४ वर थांबावं लागलं. त्या सात कसोटींत कांबळीचं कसब होतंच. पण सुटलेले झेल, बरी खेळपट्टी आणि कडेला लागून स्लिपच्या मधून निघून गेलेले चेंडूही त्यात होते. कसब पुढच्या सामन्याला बरोबर येतं, बाकीचं येईलच असं नाही. म्हणजे कांबळी तितकाच चांगला राहिला असता तरी आकडा खाली आलाच असता. प्रश्न उरतो तो त्याहून किती जास्त खाली आला, एवढाच. सतरा कसोटी एकत्र धरल्या तर त्याची सरासरी ५४.२० भरते, तेंडुलकरच्या सरासरीहून किंचित वरच. अर्थात सतरा कसोटींच्या सरासरीवर किती भार टाकायचा, हाही याच प्रश्नाचा भाग आहे.

यशात माणसाचं किती आणि योगायोगाचं किती, यावर गेली सव्वाशेहून अधिक वर्षं संख्याशास्त्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ, व्यवस्थापनाचे अभ्यासक आणि क्रीडा-विश्लेषक आपापल्या खोल्यांत बसून काम करत आले आहेत. एकाच्या खोलीतला निष्कर्ष दुसऱ्याच्या खोलीत पोचायला अनेकदा दशकं लागली. ते सगळं एका जागी ठेवून पाहिलं तर शेअर बाजार, ऑफिसातलं अप्रेझल, फुटबॉलचा प्रशिक्षक आणि घरातलं रडणारं मूल यांची गणितं आश्चर्य वाटावं इतकी सारखी निघतात.

सुरुवात फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज संशोधकापासून करावी लागते. हा गृहस्थ एरवी वादग्रस्त. सुप्रजननाच्या विचाराला त्यानंच नाव दिलं आणि त्याचे पुढे झालेले दुष्परिणाम आपल्याला ठाऊक आहेत. पण १८८६ मध्ये त्यानं २०५ कुटुंबांतल्या ९२८ मोठ्या झालेल्या मुलांच्या उंच्या त्यांच्या आईवडिलांच्या उंचीशी ताडून पाहिल्या, तेव्हा त्याला एक विचित्र गोष्ट दिसली. फार उंच आईवडिलांची मुलं उंच असत, पण आईवडिलांइतकी नाही. फार बुटक्यांची मुलंही आईवडिलांपेक्षा थोडी उंच निघत. सरासरीपासूनचं अंतर पुढच्या पिढीत साधारण दोनतृतीयांश उरे. गाल्टनला आधी वाटलं, ही रक्तातलीच काही ओढ असावी. हळूहळू स्पष्ट झालं की यात जीवशास्त्राला हात लावायचीही गरज नाही. ज्या मोजमापात टिकाऊ भाग आणि योगायोगाचा भाग मिसळलेले असतात, तिथे टोकाच्या मोजमापानंतरचं मोजमाप बहुधा सरासरीच्या जवळ येतं. उलट दिशेनंही हेच खरं: फार उंच मुलांचे आईवडीलही सरासरीने त्यांच्यापेक्षा बुटकेच असतात. मुलाची उंची मागे जाऊन बापाला ओढू शकत नाही, तेव्हा ओढ वगैरे काही नाही हे इथेच कळतं.

गणित म्हणून हे अवघड नाही. अवघड आहे ते रोजच्या जगण्यात ते ओळखणं, आणि याचं सर्वांत बोलकं उदाहरण मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमननं सांगितलेलं आहे. इस्राएलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांसमोर तो एकदा बोलत होता, की शिकवताना शिक्षेपेक्षा कौतुकाचा उपयोग जास्त होतो. एक अनुभवी प्रशिक्षक उठला आणि म्हणाला, आमचा अनुभव बरोबर उलटा आहे. छान कसरत करणाऱ्या कॅडेटची पाठ थोपटली की पुढची कसरत बिघडते. खराब करणाऱ्यावर ओरडलं की पुढची सुधारते. कानेमननं मग जमिनीवर खडूनं एक निशाण काढलं आणि सगळ्या अधिकाऱ्यांना त्याच्याकडे पाठ करून दोन-दोन नाणी फेकायला लावली. ज्यांचं पहिलं नाणं निशाणाजवळ पडलं त्यांचं दुसरं बहुतेक लांब गेलं, आणि ज्यांचं पहिलं लांब त्यांचं दुसरं जवळ आलं. तिथे कोणी कोणाची पाठ थोपटली नव्हती की कोणावर ओरडलं नव्हतं.

त्या प्रशिक्षकाचं निरीक्षण खोटं नव्हतं, हे मला या गोष्टीतलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. त्यानं जे पाहिलं ते खरोखर घडत होतं. चूक होती ती कारण लावण्यात. पुढे पॉल शाफ्नर या मानसशास्त्रज्ञानं १९८५ मध्ये हा प्रकार प्रयोगात बसवला. भाग घेणाऱ्यांना शिक्षकाची भूमिका करायची होती. एक काल्पनिक मुलगा शाळेत कधी उशिरा, कधी लवकर येई आणि त्याला रोज शाबासकी द्यायची, रागवायचं की काहीच करायचं नाही, हे ठरवायचं. येण्याच्या वेळा आधीच, कसलाही क्रम न ठेवता लिहून ठेवलेल्या होत्या. शिक्षकाच्या वागण्याचा त्यांच्याशी काडीचा संबंध नव्हता. तरी रागवण्याचाच उपयोग होतो, अशीच बहुतेकांची खात्री झाली. छडीवर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जो विश्वास होता त्याचं मूळ क्रौर्यात होतं असं मला वाटत नाही. तो प्रामाणिक, पण फसलेल्या निरीक्षणातून आलेला होता, आणि म्हणूनच घालवायला इतका कठीण गेला.

घरात याचं दुसरं रूप दिसतं. मूल दिवसभर किरकिरत असतं, संध्याकाळी रडणं शिगेला पोचतं, मग आजी मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढते आणि तासाभरात मूल शांत होतं. दृष्ट काढायची वेळ कोणती, तर रडणं सर्वांत जास्त असतानाची. त्यानंतर ते कमी होण्याचीच शक्यता अधिक. कंबरदुखीवाला डॉक्टरकडे, वैद्याकडे किंवा हाड बसवणाऱ्याकडे जातो तोही दुखणं असह्य झाल्यावरच, आणि चढउतार असलेलं दुखणं असह्य झाल्यावर बहुधा उतरतंच. म्हणून नव्या औषधाची चाचणी घेताना दुसरा, औषध न घेतलेला गट लागतोच. तो नसेल तर जगातली प्रत्येक पुडी गुणकारी ठरेल. इंग्लंड-अमेरिकेत रस्त्यांवर वेग मोजणारे कॅमेरे लावले गेले तेव्हाही हाच वाद झाला. कॅमेरा लावायची जागा कोणती, तर गेल्या वर्षी अपघात फार झाले ती. तिथले अपघात पुढच्या वर्षी थोडेफार कमी होणारच होते; कॅमेऱ्याचा खरा उपयोग त्यापलीकडे किती, हे वेगळं मोजावं लागलं.

ऑफिसात हाच खेळ पगाराशी आणि बढतीशी जोडला जातो आणि तिथे तो क्रूर होतो. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्‌स डेमिंग आपल्या व्याख्यानांत एक प्रयोग करून दाखवत असे. एका पेटीत चार हजार मणी, त्यातले आठशे लाल, बाकी पांढरे. श्रोत्यांमधून काही जण कामगार म्हणून बोलवायचे, त्यांच्या हातात पन्नास खळगे असलेली फळी द्यायची. फळी पेटीत बुडवायची आणि बाहेर काढायची. गिऱ्हाइकाला पांढरे मणी हवेत, लाल मणी म्हणजे खराब माल. डेमिंग स्वतः मुकादम व्हायचा. सहा लाल मणी आणणाऱ्याचं सगळ्यांसमोर कौतुक, पंधरा आणणाऱ्याला दम. दुसऱ्या फेरीत कौतुक झालेल्याचे अकरा-बारा येत, मुकादम म्हणे, बक्षीस मिळालं आणि हा ढिला पडला. दम खाल्लेल्याचे कमी येत, मुकादम खूष. भिंतीवर घोषणा लागत, तक्ते लागत, शेवटी वाईट कामगारांना काढून चांगल्यांवर कारखाना चालवायचा ठरे आणि लाल मणी येतच राहत. लोक हसत, आणि मग हसू ओसरे, कारण प्रत्येकाला आपलं ऑफिस आठवे.

बँकेच्या शाखेत, विम्याच्या कार्यालयात किंवा औषध कंपनीच्या एरियात काम केलेल्या कोणालाही तो मुकादम ओळखीचा वाटेल. महिन्याचं टार्गेट, सोमवारची मीटिंग, पहिल्या आलेल्याला टाळ्या, शेवटच्याला सगळ्यांसमोर झापणं. विक्रीतला किती भाग त्या माणसाच्या हातात आहे आणि किती भाग त्याच्या वाट्याला आलेल्या भागाचा, हंगामाचा, एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकाचा आहे, हे कोणी मोजत नाही. जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्शनं तर दर वर्षी तळातल्या दहा टक्क्यांना घरी पाठवायची पद्धत रूढ केली आणि जगभर तिची नक्कल झाली. मायक्रोसॉफ्टनं अशी सक्तीची क्रमवारी २०१३ मध्ये सोडली. डेमिंगचा आग्रह असा की आधी पेटी बदला, म्हणजे कामाची व्यवस्था बदला. जपाननं त्याचं १९५० पासून ऐकलं. त्याच्या नावाचा पुरस्कार पुढे २००३ मध्ये महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागालाही मिळाला. पण पुरस्कार आला म्हणून सोमवारच्या मीटिंगा देशात कुठे कमी झाल्याचं ऐकिवात नाही.

डेमिंगशी माझा एक मतभेद आहे, तो इथेच नोंदवतो. लाल मण्यांच्या खेळात कसबाला जागाच ठेवलेली नाही. खऱ्या कामात ती असते. एकाच शाखेत बसून एक माणूस सातत्यानं दुसऱ्यापेक्षा चांगलं काम करतो हे सगळ्यांना दिसतं. सगळंच पेटीवर ढकललं तर आळशालाही छान आडोसा मिळतो. कसब आणि योगायोग वेगळे करायचे असतील तर बराच काळ, अनेक फेऱ्या पाहाव्या लागतात, आणि तेवढा धीर तिमाही निकालांवर जगणाऱ्या कंपन्यांना नसतो.

कंपन्यांची स्वतःची गोष्टही याहून वेगळी नाही. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या होरेस सेक्रिस्टनं १९३३ मध्ये एक जाडजूड ग्रंथ काढला. त्याच्या नावाचा मथितार्थ, व्यवसायात सुमारपणाचाच विजय होतो. वर्षानुवर्षांची आकडेवारी जमवून त्यानं दाखवलं होतं की नफ्यात सर्वांत वर असलेली दुकानं हळूहळू मध्याकडे सरकतात आणि तळातली वर येतात. त्याला वाटलं, स्पर्धेमुळे चांगले बिघडतात. हॅरल्ड हॉटेलिंग या संख्याशास्त्रज्ञानं परीक्षणात त्याची सालं काढली: हत्तींच्या ओळी आणि रांगा मांडून गुणाकार सिद्ध करायचा आणि मग तेच दुसऱ्या प्राण्यांवर करून दाखवायचं, तसला हा उद्योग आहे. पहिल्या वर्षीच्या क्रमानं गट पाडले की ते मध्याकडे येणार, शेवटच्या वर्षीच्या क्रमानं पाडले असते तर फाकताना दिसले असते. बिचाऱ्या सेक्रिस्टची दहा वर्षांची मेहनत गाल्टनचीच उंची नव्यानं मोजण्यात गेली.

सेक्रिस्टची फजिती लोक विसरले आणि त्याच वाटेनं दुकानं पुन्हा थाटली गेली, या वेळी प्रचंड खपासह. पीटर्स आणि वॉटरमन यांचं उत्कृष्ट कंपन्यांवरचं पुस्तक १९८२ मध्ये आलं. दोनच वर्षांत ‘बिझनेसवीक’नं मुखपृष्ठावर बातमी केली की त्यातल्या ४३ पैकी किमान १४ कंपन्या अडचणीत आहेत. जिम कॉलिन्सनं २००१ मध्ये साधारणपासून थोर झालेल्या अकरा कंपन्यांची गुपितं सांगितली. २००८ मध्ये त्यातल्या सर्किट सिटीचं दिवाळं निघालं आणि फॅनी मे सरकारला ताब्यात घ्यावी लागली. ही पुस्तकं आजही विमानतळावर मिळतात. व्यवस्थापनाचा अभ्यासक फिल रोझेन्झ्वाइगनं २००७ मध्ये या सगळ्या प्रकाराची नेमकी चिरफाड केली. यशस्वी कंपनीतल्या लोकांना विचारलं की ते सांगतात, आमची संस्कृती उत्तम, नेता द्रष्टा, धोरण ठाम. तीच कंपनी पडली की तेच लोक सांगतात, संस्कृती ताठर, नेता हेकट, धोरण आंधळं. म्हणजे यशाची म्हणून जी कारणं गोळा केली जातात ती बरीचशी यशाची सावली असते.

गुंतवणुकीत तर ही चूक थेट रुपयांत मोजता येते. अमित गोयल आणि सुनील वहल या दोन अभ्यासकांनी २००८ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ३,४०० पेन्शन निधी आणि तत्सम संस्थांची नोंद तपासली. या संस्था पैसा सांभाळायला व्यवस्थापक नेमतात आणि काढतात. नेमलेल्यांची मागची काही वर्षं झगझगीत होती, काढलेल्यांची वाईट. नेमल्यानंतर ती झगमग गेली. काढलेले व्यवस्थापक मात्र नंतर नेमलेल्यांइतकंच, किंबहुना किंचित बरंच करत होते. बदलाचा खर्च वेगळा. आपल्याकडे म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत बारीक अक्षरांत सूचना असते, की मागची कामगिरी पुढची हमी देत नाही. आणि त्याच जाहिरातीत ठळक अक्षरांत मागची कामगिरी असते.

फुटबॉलमधल्या प्रशिक्षकांचंही नेमकं हेच. संघ चारपाच सामने हरला की प्रशिक्षकाला नारळ, नवा येतो, संघ जिंकायला लागतो, मालक सुटकेचा श्वास सोडतो. बास तेर वील या अर्थशास्त्रज्ञानं नेदरलँड्‌सच्या लीगमधली १९८६ ते २००४ ही वर्षं तपासली आणि एक साधी युक्ती केली. प्रशिक्षक काढलेल्या क्लबांशेजारी त्यानं असे क्लब ठेवले, ज्यांची घसरण तितकीच झाली होती पण प्रशिक्षक तोच राहिला. दोघेही सारखेच सावरले. हवाई दलातला ओरडणारा प्रशिक्षक आणि क्लबचा मालक इथे एकाच बाकावर येतात.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहायला हवी, कारण इतका वेळ सांगितलेल्या गोष्टींचा संशोधकांनाही कैफ चढला. १९८५ मध्ये टॉमस गिलोविच, रॉबर्ट व्हलोन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी बास्केटबॉलमधल्या ‘हात चालण्या’वर घाव घातला. शंभर रसिकांना विचारलं तर ९१ जणांची खात्री होती की दोन-तीन बास्केट लागोपाठ पडल्या की पुढची पडण्याची शक्यता वाढते. फिलाडेल्फियाच्या संघाचे सामने, बॉस्टनचे फ्री थ्रो, कॉर्नेल विद्यापीठातल्या खेळाडूंचे नेम असं सगळं तपासून तिघांनी जाहीर केलं की असं काही नसतं. रसिकांना यादृच्छिक आकड्यांत आकृत्या दिसतात, इतकंच. बॉस्टनच्या संघाचे नामवंत माजी प्रशिक्षक रेड ऑअरबॅक यांनी हे अक्षरशः झटकून टाकलं. पुढची तीस वर्षं मानसशास्त्राच्या वर्गात ऑअरबॅक यांची आडमुठ्या व्यावहारिक माणसाचा नमुना म्हणून थट्टा होत राहिली.

आणि मग २०१८ मध्ये जोशुआ मिलर आणि अ‍ॅडम सान्हुर्हो या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं की चूक प्राध्यापकांचीच होती. चूक इतकी सूक्ष्म आणि सुंदर आहे की कागदावर करून पाहावी. नाणं तीनदा उडवा. आठ शक्यता आहेत. प्रत्येक शक्यतेत पाहा, छाप्यानंतर लगेच पुन्हा छापा पडण्याचं प्रमाण किती. छापा-छापा-छापा यात ते पूर्ण, छापा-छापा-काटा यात निम्मं, काटा-छापा-छापा यात पूर्ण. छापा-काटा-छापा, छापा-काटा-काटा आणि काटा-छापा-काटा यांत शून्य. उरलेल्या दोहोंत छाप्यानंतर काही उडवलंच जात नाही. सहा प्रमाणांची सरासरी काढली तर ५० टक्के नव्हे, सुमारे ४२ टक्के येते. थोडक्या फेकींच्या तुकड्यांत अशी मोजदाद केली की निर्दोष नाणंही छाप्यानंतर काट्याकडे झुकलेलं दिसतं. म्हणजे खेळाडूचे नेम ‘नाण्यासारखे’ दिसत असतील तर त्याचा हात खरोखर चालत असला पाहिजे. कॉर्नेलचेच जुने आकडे दुरुस्त करून पाहिले तर परिणाम दहा टक्क्यांहून मोठा निघाला. त्याआधी २०१४ मध्ये दुसऱ्या एका अभ्यासानं दाखवलंच होतं की सूर लागलेला खेळाडू अवघड, लांबचे नेम घ्यायला लागतो आणि विरोधी संघही त्याच्यावर माणूस वाढवतो, त्यामुळे खरा परिणाम झाकला जातो. ऑअरबॅक यांना हे ऐकायला मिळालं नाही, ते २००६ मध्येच गेले.

क्रिकेटमध्ये या दोन्ही बाजू एकत्र दिसतात. समजा, प्रत्येक धावेच्या आधी बाद होण्याची शक्यता फलंदाजाला तेवढीच आहे. फॉर्म नाही, दडपण नाही, नव्वदीतली धाकधूक नाही, नुसतं एक वजनदार नाणं. तेंडुलकरची सरासरी ५३.७८. त्या नाण्यानं ३२९ डाव खेळले तर किती शतकं होतील, हे गणित कोणालाही करता येतं. उत्तर सुमारे ५२. त्याची प्रत्यक्षात ५१ आहेत. गावसकरचं उत्तर ३१ येतं, प्रत्यक्षात ३४. द्रविडचं ४३, प्रत्यक्षात ३६. अशा नाण्याला तेंडुलकरची सरासरी असूनही साधारण सहात एक डाव दहाच्या आत संपतो, म्हणजे लागोपाठ दोन-तीन अपयशं अधूनमधून येणारच, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी स्टुडिओत बसून त्याच्या डाव्या पायाच्या हालचालीत खोट काढणार. प्रत्यक्षात फलंदाज सुरुवातीला जास्त कच्चा असतो, नंतर ‘सेट’ होतो, म्हणजे हे नाणं ढोबळच आहे. तरी ते इतकं जवळ जातं, हे पाहून मी स्वतः थोडा चरकलो.

पण त्याच नाण्याला विराट कोहलीचा मधला काळ विचारा. नोव्हेंबर २०१९ मध्ये इडन गार्डन्सवर सत्ताविसावं कसोटी शतक झालं तेव्हा त्याच्या ८४ कसोटी झाल्या होत्या आणि सरासरी ५५ च्या घरात होती. अठ्ठाविसावं शतक आलं थेट १०८ व्या कसोटीत, मार्च २०२३ मध्ये अहमदाबादला. मधल्या तेवीस कसोटींत, चाळीसेक डावांत, एकही नाही. ५५ सरासरीच्या नाण्यानं असं करण्याची शक्यता हजारात एकही भरत नाही. तेव्हा इथे योगायोगावर भागवता येणार नाही. काहीतरी खरंच बदललं होतं. खेळपट्ट्या गोलंदाजांना धार्जिण्या झाल्या होत्या, ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूला जाणारी बॅट होती, आणि माणूस थकतोही. कोणतं कारण किती, यावर वाद चालू शकतो, पण कारण होतं यावर नाही. योगायोगाचं गणित कामाला येतं ते इथेच. कुठल्या घसरणीची चौकशी करावी आणि कुठलीकडे दुर्लक्ष करावं, हे ते सांगतं.

प्रत्येक संघाला साखळीत चौदा सामने देणाऱ्या आयपीएलकडे याच नजरेनं पाहिलं तर बहुतेक आरडाओरडा अनाठायी वाटतो. मुंबई इंडियन्स २०२० मध्ये पाचव्यांदा जिंकली, २०२२ मध्ये तळाला गेली, २०२३ मध्ये प्लेऑफला पोचली, २०२४ मध्ये पुन्हा तळाला, २०२५ मध्ये पुन्हा प्लेऑफला. चेन्नई २०२१ ची विजेती, २०२२ मध्ये नववी, २०२३ मध्ये पुन्हा विजेती. दर वेळी कर्णधार, लिलाव आणि ड्रेसिंग रूममधलं राजकारण यांवर रकाने भरले. आता दहाही संघ अगदी तुल्यबळ आहेत असं धरा आणि प्रत्येक सामना नाणेफेकीवर सोडा. चौदांत दहा किंवा जास्त विजय मिळवणारा संघ दहात साधारण एक निघेल, आणि चार किंवा कमी विजयांवर अडकणाराही साधारण एक. २०२२ मध्ये साखळीत पहिल्या आलेल्या गुजरातचे विजय होते दहा, शेवटच्या मुंबईचे चार. याचा अर्थ संघ तुल्यबळच होते असा नाही. चौदा सामन्यांच्या तक्त्यावरून ते तुल्यबळ नव्हते असं म्हणायलाही आधार नाही, एवढाच.

याच्या मागे आणखी एक गोष्ट आहे, ती जीवाश्मांचा अभ्यासक स्टीफन जे गूल्डनं बेसबॉलच्या निमित्तानं मांडली. टेड विल्यम्सनं १९४१ च्या मोसमात .४०६ ची सरासरी राखली आणि त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये कोणी .४०० ला पोचलं नाही. जुने लोक म्हणायचे, आता तसे फलंदाज राहिले नाहीत. गूल्ड म्हणाला, उलट आहे: सगळेच इतके चांगले झाले की त्यांच्यातलं अंतर आटलं आणि टोकं नाहीशी झाली. गुंतवणूक-विश्लेषक मायकेल मोबूसाँनं २०१२ मध्ये हे व्यवसायाला लावलं. सगळ्यांचं कसब वाढून सारखं होत गेलं की निकाल ठरवण्यात योगायोगाचा वाटा वाढतो. एखाद्या कामात कसब आहे का, हे तपासायची त्याची कसोटीही मजेदार आहे: मुद्दाम हरता येतं का? बुद्धिबळात हरता येतं, लॉटरीत येत नाही. आयपीएलमध्ये हरता येतं, पण जिंकण्याची हमी नसते, कारण समोरचाही तितकाच तयार असतो.

लहान नमुन्याचं हेच भूत दहावीच्या निकालातही वावरतं. निकालाच्या दिवशी शंभर टक्के निकालाच्या शाळांची संख्या जाहीर होते, तशीच शून्य टक्क्यांच्या शाळांचीही. बारा मुलांच्या वर्गात शंभर टक्के लागायला एक चांगली तुकडी पुरते आणि शून्य लागायला एक वाईट वर्ष. चारशे मुलांच्या शाळेला दोन्ही कितीतरी कठीण. अमेरिकेत गेट्‌स फाउंडेशननं एके काळी शाळा लहान करण्यावर मोठा पैसा लावला, कारण उत्तम शाळांच्या यादीत लहान शाळा पुष्कळ होत्या. हॉवर्ड वेनर या संख्याशास्त्रज्ञानं २००७ मध्ये लक्षात आणून दिलं की तळाच्या यादीतही लहान शाळाच पुष्कळ आहेत.

हात चालण्याचा प्रश्न खेळाबाहेरही पडतो. चित्रकार, चित्रपट दिग्दर्शक आणि शास्त्रज्ञ यांच्या कारकिर्दींवर २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये एक अभ्यास आला. त्यात दिसलं की बहुतेकांच्या आयुष्यात उत्तम कामांचा एखादा सलग काळ खरोखर येतो, नाण्याच्या हिशेबात न बसणारा. तो कधी येईल याचा मात्र वयाशी किंवा अनुभवाशी मेळ बसत नाही. त्या काळात माणूस जास्त काम करतो असंही नाही. संख्या तीच, दर्जा वेगळा. असा काळ कशानं सुरू होतो यावर त्यानंतर बरंच लिहिलं गेलं, एकमत अजून नाही.

आणि जिथे कसब मोजून जवळजवळ शून्य निघालं, तिथे काय झालं हेही कानेमननं लिहून ठेवलं आहे. एका गुंतवणूक संस्थेनं आपल्या पंचवीस सल्लागारांची आठ वर्षांची कामगिरी त्याच्यापुढे ठेवली. बोनस याच आकड्यांवर ठरायचा. त्यानं प्रत्येक वर्षाची क्रमवारी दुसऱ्या प्रत्येक वर्षाच्या क्रमवारीशी ताडून पाहिली. सहसंबंधाची सरासरी निघाली ०.०१. एका वर्षी पहिला आलेला पुढच्या वर्षी कुठे असेल हे चिठ्ठी टाकून ठरवलं असतं तरी चाललं असतं. संचालकांना रात्रीच्या जेवणाच्या वेळी हे सांगितल्यावर कोणी वाद घातला नाही, कोणी रागावलं नाही. जेवण नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी विमानतळाकडे जाताना त्यांच्यातल्याच एकानं थोड्या बचावाच्या सुरात त्याला ऐकवलं, की या संस्थेसाठी मी फार चांगलं काम केलं आहे आणि ते माझ्यापासून कोणी हिरावून घेऊ शकत नाही. कानेमन त्यावर काही बोलला नाही. संस्थेत सगळं पूर्वीसारखंच चालू राहिलं असणार, याबद्दल त्याला शंका नव्हती.